अहमदाबादच्या पोळांमध्ये फोटो काढायचे, तर आधी ऊन वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत चार दिवस अहमदाबादला जायचंय आणि जुन्या शहरातल्या पोळांचे, म्हणजे एका दरवाज्याआत वसलेल्या अरुंद गल्ल्यांच्या वस्त्यांचे, फोटो काढायचेत. याआधी पणजीच्या फोंताइन्यशमध्ये आणि पुण्यात कसबा पेठेत काढलेले फोटो मनासारखे आले नाहीत. काही कॅलेंडरवरच्या चित्रासारखे सपाट दिसतात, बाकीच्यांत आकाश पांढरंफटक आणि भिंती काळ्या. हाताशी २४-७० लेन्स आहे, तेव्हा १६-३५ घ्यावी का? (आकडे मिलिमीटरचे; आकडा जितका लहान, तितकं दृश्य रुंद.) आणि शेवटी एका ओळीत लिहिलंय, की लोकांच्या दारात कॅमेरा काढायला संकोच वाटतो.

लेन्सचा प्रश्न यात सगळ्यात लहान आहे. खऱ्या अडचणी दोन आहेत. अरुंद गल्लीत ऊन कसं फिरतं ते तुम्ही अजून निरखलेलं नाही, म्हणून चुकीच्या वेळी चुकीच्या जागी उभे राहता. आणि तो संकोच घालवायचा कसा, यापेक्षा तो बरोबर घेऊन काम कसं करायचं, हे ठरलेलं नाही. मी जुनी घरं आणि वस्त्या यांचं छायाचित्रण करतो, बरंचसं वास्तुरचनाकारांना नोंदीसाठी लागतं म्हणून. त्या कामातून जे हाती लागलं ते सांगतो. ढगाळ हवा, सणवार, तुम्ही एकटे आहात की घरचे बरोबर आहेत, यावर पुष्कळ गोष्टी बदलतील, ते धरून चाला.

लेन्सचं आधी उरकतो. १६-३५ घेऊ नका. पोळेत जागा कमी असते म्हणून रुंद लेन्स हवी असं वाटतं, पण १६ वर समोरचं घर लांब जातं, कडेचा माणूस ताणला जातो आणि सगळ्या गल्ल्या एकसारख्या दिसायला लागतात. तुमच्या २४-७० ला २८ ते ३५ च्या दरम्यान ठेवा आणि शक्यतो चार दिवस तिथेच राहू द्या. एकच नजर ठेवली की दोन पावलं मागे गेल्यावर चौकटीत काय येईल हे कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच कळायला लागतं. मोबाइलवर काढणार असाल तर मुख्य लेन्स वापरा, ०.५ ची नको. कारण तेच.

आता उन्हाबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेकांचं इथेच बिघडतं.

सकाळी सूर्योदयाला जा आणि संध्याकाळी सूर्यास्ताला जा, हा सल्ला समुद्रकिनाऱ्यासाठी आणि किल्ल्यांसाठी ठीक आहे. पोळेत तो चालत नाही. समजा गल्ली ३ मीटर रुंद आहे आणि दोन्ही बाजूंची घरं ९ मीटर उंच आहेत. जुन्या अहमदाबादेत असं प्रमाण सर्रास दिसतं. जानेवारीत तिथे सूर्य सव्वासात-साडेसातला उगवतो. आठ वाजता तो इतका खाली असतो, की ऊन फक्त गच्चीच्या कठड्यांना लागतं. खाली तुम्हाला निळसर सावली मिळते आणि वर उजळलेली पट्टी. कॅमेरा दोन्ही सांभाळू शकत नाही. तुमचं पांढरं आकाश आणि काळ्या भिंती यातूनच येतात.

म्हणून गल्ली कोणत्या दिशेने जाते ते आधी बघा. मोबाइलवरचा नकाशा पुरतो.

गल्ली दक्षिणोत्तर असेल तर तिची वेळ दुपार. जानेवारीत सूर्य दुपारीही दक्षिणेकडे कललेला असतो. अहमदाबादेत जेमतेम ४५ अंशांपर्यंत चढतो. घड्याळात पाऊण वाजायच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला येतो. (भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आहे आणि अहमदाबाद त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून तिथली खरी मध्यान्ह बाराला होत नाही.) त्या वेळी ऊन गल्लीच्या लांबीतून आत येतं, थेट फरसबंदीपर्यंत पोचतं, आणि आधी-नंतर साधारण तासभर टिकतं. ओट्यांच्या कडा, सायकलीची चाकं, छज्जाखालचे कोरीव लाकडी टेकू, सगळ्यांच्या सावल्या लांब पडतात. दुपारी फोटो काढू नयेत हे उन्हाळ्यात खरं. तेव्हा तिथे सूर्य जवळपास डोक्यावर येतो आणि सावल्या पायाखाली गोळा होतात. हिवाळ्यात मात्र ही दुपारच सोन्यासारखी असते, आणि नेमके त्याच वेळी सगळे प्रवासी जेवायला गेलेले असतात.

गल्ली पूर्व-पश्चिम असेल तर गणित उलटं. हिवाळ्यात तिच्या जमिनीला ऊन जवळपास मिळतच नाही, कारण दक्षिणेकडची घरं ते अडवतात. दुपारी उत्तर बाजूच्या घरांच्या फक्त वरच्या मजल्यावर ऊन पडतं. पण अशा गल्लीची खरी गंमत थेट उन्हात नाही. उजळलेल्या वरच्या भिंतीवरून उलटून जो प्रकाश खाली समोरच्या ओट्यावर उतरतो तो मऊ असतो, जरासा उबदार असतो आणि चेहऱ्यावर कडक सावली पाडत नाही. ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या आजींचा फोटो काढायचा तर याहून चांगला प्रकाश स्टुडिओतही मुद्दाम तयार करावा लागतो. अशा ठिकाणी सकाळी साडेनऊ-दहापासून थांबा आणि उन्हाकडे न बघता उन्हाच्या समोरच्या बाजूला बघा.

तुमच्या जुन्या फोटोंचंही यातून उलगडतं. फोंताइन्यश अल्तिनो टेकडीच्या पूर्व पायथ्याशी आहे. सकाळचं ऊन ओउरेंच्या खाडीकडून सरळ त्या पिवळ्या-निळ्या-लाल भिंतींवर येतं आणि दुपार कलली की सूर्य टेकडीआड जातो. तुम्ही संध्याकाळी पाचला गेला होतात असं लिहिलंय. तोवर त्या बऱ्याच गल्ल्यांचा दिवस संपलेला असतो. रंग सपाट आले ते त्यामुळे. पुन्हा जाल तेव्हा साडेसातला जा, किंवा पावसाळ्यात एखाद्या ढगाळ दिवशी जा. सावलीच नसली की ते रंग फार सुरेख उतरतात.

कसब्याचं कारण वेगळं आहे आणि ते उन्हाशी नाही, घराच्या रचनेशी जोडलेलं आहे. पुण्याचा वाडा रस्त्याकडे पाठ करून असतो. बाहेर विटांची भिंत, मोठा दरवाजा, त्यात दिंडी, म्हणजे छोटं दार. आणि माणसांचा वावर आत चौकात. रस्त्यावर उभं राहून वाड्याचा फोटो काढला की भिंतच मिळणार. तिथे देवडीत थांबून, विचारून, आत जावं लागतं. तांबट आळीतही तसंच, काम दुकानाच्या आत चालतं. पोळेतली हवेली याच्या उलट. तिलाही आत चौक असतो, चौकाखाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं असतं, पण तिचा दर्शनी भाग रस्त्याशी बोलतो: ओटा, कोरलेले खांब, पुढे झुकलेला मजला. मराठ्यांचा या शहराशी मोठा संबंध आला. १७५३ मध्ये रघुनाथराव आणि दमाजी गायकवाड यांनी अहमदाबाद घेतलं आणि मधला छोटा खंड सोडला तर १८१७ पर्यंत पेशवे आणि गायकवाड यांचा तिथे वाटा होता. रायखडमध्ये गायकवाड हवेली अजून आहे. पण पुण्याची सवय घेऊन पोळेत गेलात तर उगाच आत डोकवत राहाल. तिथे बघण्यासारखं पुष्कळ काही बाहेर ओट्यावर मांडलेलं आहे.

प्रकाश कळला की कॅमेऱ्याचं काम थोडंच उरतं. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न आटवलेल्या मूळ फाइलमध्ये काढा. मोजमाप उजळ भागाचं करा, म्हणजे एक्स्पोजर (फोटो किती उजळ येईल ते) उणे दोन-तृतीयांश ते उणे एक. सावलीतला तपशील नंतर वर आणता येतो, जळून गेलेली भिंत परत येत नाही. चालत्या माणसासाठी शटरचा वेग १/२५० सेकंद, स्कूटर येत असेल तर १/५००. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ३५ ला लेन्सचं छिद्र एफ ५.६ ठेवून ३ मीटरवर फोकस केला तर साधारण २ ते ५ मीटरमधलं सगळं नीट येतं, आणि पोळेत घडतं ते बहुतेक तेवढ्याच अंतरात. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, आपोआप ३२०० पर्यंत जाऊ द्या. थोडे दाणे आलेले चालतात, हललेला चेहरा चालत नाही.

आकाशाचा बंदोबस्त जागा निवडून करा. पोळ सहसा सरळ नसते, वळत जाते. वळणाकडे तोंड करून उभे राहिलात तर चौकटीच्या शेवटी आकाशाऐवजी घर येतं. पोळेच्या दरवाज्याखाली, सावलीत उभं राहून आत बघितलंत तर दरवाज्याची कमानच वरचं आकाश झाकते. आणि घरं मागे पडल्यासारखी दिसतात ती कॅमेरा वर उचलल्याने. कॅमेरा सरळ धरा, उभी चौकट घ्या, खाली जास्तीची जमीन आली तर येऊ द्या. नंतर खालून कापा. कुणी पहिल्या मजल्याच्या खिडकीत उभं राहू दिलं तर हा प्रश्नच उरत नाही. तिथून समोरचं कोरीवकाम डोळ्यांच्या रेषेत येतं.

तारा, स्कूटर, एसीचे डबे, पाण्याच्या टाक्या यांच्याशी भांडू नका. जुन्या शहराचा फोटो म्हणजे रिकाम्या जुन्या घराचा फोटो, ही कल्पना सोडून द्या असं मी आग्रहाने म्हणेन. ती गल्ली आजही नांदती आहे. मी नोंदीच्या फोटोतून तार पुसत नाही आणि तुम्हीही पुसू नका.

आता संकोचाबद्दल. तो असणं चांगलं आहे. तुम्हाला जी गल्ली वाटते ते तिथल्या माणसांचं अंगण आहे. पोळेला बहुधा एकच मोठा दरवाजा असतो, आत सगळे एकमेकांना ओळखतात, मध्ये चौक, चौकात पाखरांना दाणे घालायचा चबुतरा, देऊळ, दाराशी सूचना लिहायचा फळा. परका माणूस आत आला की ते अर्ध्या मिनिटात सगळ्यांना कळलेलं असतं. लपून काही होणार नाही, आणि लपूही नये.

मी असं करतो. दरवाज्यातून आत जाताना कॅमेरा गळ्यात, लेन्सवर झाकण. पहिला जो माणूस भेटेल त्याला नमस्कार करून कुठून आलो, काय बघायला आलो ते सांगतो. मग चौकात बसतो. पंधरा-वीस मिनिटं काहीच काढत नाही. तेवढ्यात कुणीतरी येऊन विचारतंच. तिथे नुसते प्रश्न येत नाहीत, बऱ्याचदा चहाही येतो. त्यानंतर परवानगी मागणं सोपं होतं. ‘बेन, फोटो पाडुं?’ एवढं गुजराती पुरतं. म्हाताऱ्या बाईंना ‘बा’ म्हणा, पुरुषांना ‘काका’. ‘ना’ आलं तर हसून मान डोलवा आणि तिथेच बसून राहा. लगेच उठून गेलात तर केवळ फोटोसाठीच आला होतात असा अर्थ होतो.

विचारलं की चेहरा अवघडतो, ही तक्रार खरी आहे. पहिला फोटो तसा येतोच. तो काढा, पडद्यावर दाखवा, आभार माना आणि गप्पा चालू ठेवा. दोन मिनिटांत ती व्यक्ती आपल्या कामाला लागते. तुम्हाला हवा असलेला फोटो तेव्हा मिळतो, आणि परवानगी आधीच घेतलेली असते.

काही ठिकाणी मात्र मी विचारतसुद्धा नाही. उघड्या दारातून दिसणारं घराचं आतलं, वाळत घातलेले कपडे, धुणी-भांडी करणाऱ्या बायका, आईबाप जवळ नसताना मुलं. देरासरांत (जैन मंदिरांत) आणि देवळांत आत फोटो चालतात का ते दारातच विचारा. अनेक ठिकाणी चालत नाहीत. फोंताइन्यशमध्ये रहिवाशांनी घरांवर ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लावल्यात त्या तुम्ही पाहिल्या असतील. लग्नाआधीच्या फोटोंसाठी लोक परक्याच्या पायऱ्यांवर तासन्‌तास बसायला लागले, त्यानंतर त्या आल्या. पोळांमध्ये अजून तशी वेळ सर्रास आलेली नाही, आणि ती येऊ नये असं मला मनापासून वाटतं. २०१७ मध्ये युनेस्कोने अहमदाबादला जागतिक वारसा शहर म्हटलं. भारतातलं ते पहिलं. तेव्हापासून कॅमेरे वाढलेत. जे जातील त्यांच्या वागण्यावर पुढच्यांचं स्वागत अवलंबून आहे.

चार दिवसांचं कसं बसवायचं? मी असं बसवेन.

पहिल्या सकाळी महापालिकेची हेरिटेज वॉक करा. १९९७ पासून चालू आहे, कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघते आणि जामा मशिदीपाशी संपते. त्या दिवशी कॅमेरा जवळजवळ बंद ठेवा. गटाबरोबर चालताना चांगला फोटो मिळत नाही, पण कुठली गल्ली कुठे वळते, कुठे चौक आहे, कुठे लोक बसतात हे कळतं. नकाशावर दोन-तीन पोळांवर खूण करा. जास्त नको. दुपारनंतर सिदी सय्यद मशिदीत जा. १५७३ ची ती प्रसिद्ध दगडी जाळी पश्चिमेच्या भिंतीत आहे, म्हणून सूर्य कलल्यावर आतून बघितली की ऊन तिच्यातून झिरपतं. उजळ भागावर मोजा, जाळी काळी येऊ द्या.

दुसरा आणि तिसरा दिवस त्याच दोन-तीन पोळांना द्या. एकच गल्ली सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला बघा. सकाळी दूधवाला, शाळेची मुलं, ओटे धुणं, पाखरांना दाणे. दुपारी ते लांबीतून येणारं ऊन. संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटं आकाश निळं असतं आणि घरातले दिवे पिवळे. या वीस मिनिटांत आकाश आणि भिंती यांच्यातला फरक आपोआप मिटतो, म्हणून तुमची जुनी अडचण इथे येतच नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत तुम्ही ओळखीचे झालेले असता, आणि दुसऱ्या फेरीतच खरे फोटो मिळतात हे मी प्रत्येक गावात पाहिलंय. वीस पोळांमधून एकदा पळण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

एक रात्र माणेक चौकाला ठेवा. दिवसा तिथे सराफांची दुकानं, ती बंद झाली की खाण्याच्या गाड्या. गाड्यांच्या दिव्यांसमोर माणसं उभी असतात, तेव्हा दिव्याच्या बाजूने काढू नका. माणूस तुमच्या आणि दिव्याच्या मध्ये जरा तिरका येईल असे उभे राहा. १/१२५, आयएसओ ३२००. तव्यावरची वाफ मागून उजळते.

चौथा दिवस मोकळा. राहिलेल्या एखाद्या जागेसाठी, किंवा नुसतं ज्यांनी चहा पाजला त्यांना भेटून निघण्यासाठी.

तुमच्या तारखा १४ जानेवारीला धरून असतील तर वरचं सगळं वेळापत्रक गुंडाळा. उत्तरायणाला, म्हणजे तिथल्या पतंगांच्या संक्रांतीला, सगळं शहर गच्चीवर असतं, गल्ल्या ओस. ज्या पोळेत आधी ओळख झाली असेल तिथल्या कुणाच्या तरी गच्चीवर जायला मिळालं तर दिवसभर तिथेच थांबा. पतंगाचे फोटो काढण्यापेक्षा एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीशी चाललेले इशारे, फिरकी धरून बसलेली लहान बहीण, कठड्यावरचे उंधियूचे डबे बघा. जुन्या कौलारू आणि पत्र्याच्या छपरांवर पाय देऊ नका, लाकूड आतून पोखरलेलं असतं. रस्त्याने दुचाकीवर जाणार असाल तर गळ्याला जाड मफलर गुंडाळा. तुटलेला मांजा दिसत नाही आणि कापतो.

शेवटचं एक काम, ज्याला मी फोटोइतकंच महत्त्व देतो. रोज रात्री हॉटेलवर बसून प्रत्येक चांगल्या फोटोपुढे पोळेचं नाव, कोणत्या दिशेला तोंड करून काढला, तारीख आणि वेळ लिहा. घरात कोणी राहतं, की खाली गोदाम झालंय, की कुलूप आहे, तेही लिहा. पोळांमधली कितीतरी लाकडी घरं आता अशीच गोदामं झालीत किंवा बंद पडलीत, आणि एकदा पाडलं की त्या गल्लीचं वळणसुद्धा ओळखू येत नाही. नोंद असलेला साधा फोटोसुद्धा वीस वर्षांनी कुणाच्या तरी दुरुस्तीच्या कामाला येतो. मी स्वतः अशा जुन्या फोटोंवरून गेलेल्या टेकूंची नक्षी जुळवलेली पाहिली आहे. ज्यांचे चेहरे काढाल त्यांचा पत्ता विचारून घ्या आणि परत आल्यावर कागदावरची प्रिंट टपालाने पाठवा. मोबाइलवर पाठवलेला फोटो हरवतो, प्रिंट देवघराशेजारी लागते.

परत आलात की त्या दक्षिणोत्तर गल्लीचा दुपारचा एक फोटो आणि त्याच जागेवरून संध्याकाळचा एक, असे दोन शेजारी लावून दाखवा. उभं राहण्याच्या जागेबद्दल काही सुचलं तर त्यावर बोलू.